खरा आणि आवडला

खोटं बोलणारी माणसं मी आयुष्यात ढिगानं पाहिली. त्यांत माझे नातेवाईकच जास्त निघाले. पण आवाज खोटं बोलतो म्हणून आवाजाशी उभा दावा मांडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच घरात निघाला. माझा धाकटा दीर. समोर मी त्याला भावजी म्हणते आणि अहो-जाहो करते. इथं मात्र 'तो'च लिहिणार, कारण मी लग्न होऊन राहुरीजवळच्या देवळालीला आले तेव्हा तो चड्डीवर होता आणि भर वरातीत सनईवाल्याला "तुमची पिपाणी फुटकी हाय" असं सांगितल्याबद्दल सासऱ्यांचा मार खात होता. सनई खरंच चिरकी होती. ते मलाही ऐकू येत होतं, पण मी नवरी होते.

पुढं तो साखर कारखान्यात लागला. बॉयलरवर, नळांवर, जिथं म्हणून गोल तबकडी आणि काटा आहे, तिथं तो काटा खरं दाखवतो का, हे पाहायचं काम त्याच्याकडं होतं. एक पक्का काटा पेटीत घेऊन तो कारखानाभर हिंडायचा. पेटीतला काटा शेजारी लावायचा आणि फरक निघाला की तबकडीवर खऱ्या आकड्यापाशी लाल रंगाची रेघ मारायचा. तीसेक वर्षं हेच केलं, आणि माणूस तसाच बनून गेला. लग्न झालं होतं, पण बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. नंतर दोन स्थळं आली. दोन्हीकडं हा मुलीशी न बोलता त्यांच्या घरच्या रेडिओबद्दल बोलून परत आला. लोक म्हणाले, बायकोच्या आठवणीत झुरतोय. झुरत असेलही. मला त्यानं कधी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. माझे यजमान गेले, मुलगा नोकरीला नगरला जाऊ-येऊ लागला, तेव्हा घरात उरलो सून, मी आणि मागच्या खोलीत हा.

त्या खोलीत त्यानं कारखान्यातून घरी बसल्यावर डबे बनवायला सुरुवात केली. डबे म्हणजे स्पीकर. जाड फळ्या कापायच्या, चिकटवायच्या, आत लोकर भरायची, तारा ओढायच्या. एवढं करून त्यातून जे काही निघायचं ते ऐकून मान हलवायची आणि परत सगळं उघडायचं. माझ्या गादीतला कापूस दोनदा त्याच्या डब्यात गेला. पुण्या-मुंबईहून पार्सलं यायची. पोस्टमनला वाटायचं की म्हातारा औषधं मागवतो.

त्याचं म्हणणं सोपं होतं. आवाज जसा होता तसाच डब्यातून बाहेर आला पाहिजे. डब्यानं आपल्या पदरचं काही घालायचं नाही, काही चोरायचं नाही. श्रीरामपूरचे एक कापडदुकानदार त्याच्याकडं यायचे, त्यांनाही हाच नाद. त्यांनी परदेशी सेट घेतला आणि मोठ्या हौसेनं ह्याला ऐकायला नेलं. हा परत आला तो तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी दुकानदार आमच्या ओट्यावर हजर.

"बोला ना राव काहीतरी. कसा वाटला सेट?"

"बेस लई हाय. गाणारा मानूस पिंपात बसून गातोय."

"पण मला तसंच आवडतं!"

"आवडू द्या की. मला गूळ आवडतो, म्हणून मी मिठाच्या बरणीवर गूळ लिहून ठेवतो का?"

दुकानदार चहा अर्धा टाकून गेले. आठ दिवसांनी परत आले. असल्या माणसांना एकमेकांवाचून दुसरं कोण असतं?

शेवगावला भाचीच्या लग्नात तर ह्यानं कमालच केली. डीजे लावला होता, छाती हादरत होती. हा त्या गोंगाटात डीजेवाल्यापाशी जाऊन त्याला समजावत राहिला की तुझा ढोल खोटा आहे, खरा ढोल असा नसतो. त्या पोरानं कानाला हात लावून दोन-तीनदा ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काका, तुमी जेवून घ्या. पंगत बसली."

आता यात मी कुठं आले, ते सांगते. मी चौथी शिकले. गाण्यातलं मला कळत नाही, यंत्रातलं तर नाहीच. पण माझ्या तोंडाला लगाम नाही हे साऱ्या गावाला माहीत आहे. सुनेला काही ऐकवलं की ती "छान आहे काका" म्हणायची. डबा उलटा ठेवला तरी छान. त्यामुळं साक्षीदार म्हणून ती बाद झाली, आणि माझी नेमणूक झाली. "वैनीला लाज न्हाई खरं बोलायची," असं तो दुकानदारांना सांगायचा. ही स्तुती होती, असं मी धरून चालते.

त्याची परीक्षा घ्यायची रीत अशी. खोलीत आडवी दोरी बांधून माझं जुनं लुगडं पडद्यासारखं टाकायचं. पडद्याच्या अलीकडं मला पाटावर बसवायचं, पलीकडं डबा. आधी घरातला कुठला तरी आवाज टिपून ठेवायचा: केरसुणीचा, सुपात जोंधळे पाखडल्याचा, तांब्या घंगाळात बुडाल्याचा. मग पडद्यामागं एकदा खरी वस्तू वाजवायची, एकदा डबा वाजवायचा आणि मी सांगायचं, खरा कुठला. एका वहीत त्यानं दोन रकाने आखले होते. एकावर लिहिलं होतं 'खरा', दुसऱ्यावर 'आवडला'. म्हणजे मला दोन सवाल असायचे. खरा कुठला वाटला, आणि आवडला कुठला. मला घोगरा, जाड, गोधडीखालून आल्यासारखा आवाज आवडतो. माझ्या माहेरी लाकडी रेडिओ होता, त्याचा तसाच होता. त्यामुळं 'आवडला'च्या रकान्यात मी कायम चुकीच्या डब्याला मत दिलं. तो मुकाट्यानं तेही लिहून घ्यायचा.

"माझं मत तुम्हाला चालत न्हाई, तर लिवता कशाला?"

"मत चालतं की. फक्त ते ह्या रकान्यात ऱ्हायला पायजे, त्या रकान्यात जायला नको."

मला वाटतं, माणसं आयुष्यभर भांडतात ती हे दोन रकाने एक झाल्यामुळंच. पण ते असो.

सगळ्यात गाजली ती भाकरी. सुनेला परातीपुढं बसवून त्यानं भाकरी थापल्याचा आवाज टिपला. ती एकच भाकरी तो दुपारभर वाजवत होता. तेवढ्यात माझ्या नणंदेचे यजमान राहुरीहून आले. त्यांनी दारातच थापट्या ऐकल्या. "घाई करू नका, होऊ द्या सावकाश," असं आतल्या बाजूला ओरडून त्यांनी हातपाय धुतले आणि पाट मांडून बसले. अर्धा तास बसले. थापट्या चालूच. शेवटी म्हणाले, "किती मानसं हायेत जेवायला?" चूल थंड होती, पीठ डब्यात होतं आणि सून बाजारला गेली होती. जावयाचा मान तो. किती दिवस बोलत नव्हते. माझ्या दिराला मात्र त्या दिवशी गगन ठेंगणं झालं. म्हणाला, "ह्यापेक्षा मोठं सर्टिफिकेट न्हाई. पाहुणा उपाशी बसला!"

त्या डब्यावर त्यानं बारीक आवाज वाढवायच्या बटणाच्या शेजारी लाल रेघ मारली. खरं इथं आहे, अशी ती खूण. आता काही उघडायचं नाही, असं म्हणाला. तीन-चार वर्षं खरंच उघडलं नाही.

मग एका दिवाळीनंतर त्याची कुरकुर सुरू झाली. डब्यातला बारीक आवाज गेलाय, म्हणे. टोकं झिजल्यासारखी वाटतात. त्यानं बटण रेघेच्या पुढं सरकवलं. मग आणखी पुढं. सुनेचे दात शिवशिवायला लागले, ओट्यावरचं कुत्रं उठून शेजारी राहायला गेलं. मी म्हटलं, कर्कश वाजतंय. तो म्हणाला, उलट मंद वाजतंय. पहिल्यांदाच त्यानं माझी साक्ष वहीत लिहिली नाही. पार्सलं परत सुरू झाली. वर्षभर त्यानं त्या डब्याचं एकेक आतडं बदललं. वाळत चालला होता. जेवताना घास हातात धरून भिंतीकडं बघत बसायचा. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्याचे काटे तपासले, त्याचा स्वतःच्या हातच्या एका कामावरचा भरवसा उडाला होता. दुसरं काही नव्हतंच त्याच्याकडं.

एकदा चहाच्या वेळी तो माझ्यासमोर बसला होता. त्याच्या मनगटावर आकड्यांचं घड्याळ आहे. रक्तदाबाच्या गोळीसाठी ते रोज पिक्-पिक् करतं. ते वाजायला लागलं. वाजत राहिलं. तो बशीत चहा ओतून फुंकर घालत होता.

"भावजी, घड्याळ वाजतंय."

त्यानं मनगट पाहिलं. मग कानाशी नेलं. मग दुसऱ्या कानाशी.

"कवापासून?"

"मगापासून."

मला तिथंच गप्प बसता आलं असतं. दुसरी कुणी बसली असती. पण तो वर्षभर नीट चाललेल्या डब्याची आतडी काढत होता, आणि ते मला बघवत नव्हतं. मी म्हटलं, "डबा बरोबर हाय. तुमचा कान गेलाय."

तो रागावला नाही. उठला, दोरीवर लुगडं टाकलं, घड्याळ माझ्या हातात दिलं आणि मला पडद्यापलीकडं बसवलं. आज परीक्षा त्याची होती. मी घड्याळ वाजवायचं, त्यानं ऐकू आलं की बोट वर करायचं. पडद्याच्या फटीतून मला त्याची पाठ दिसत होती. मी दहा वेळा वाजवलं. बोट तीनदा वर झालं, आणि त्यातलं एकदा मी वाजवलंच नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं अंदाजानं उत्तर दिलं. मी हे सगळं त्याला सांगितलं. त्यानं वहीत लिहून घेतलं, खाली तारीख घातली.

नगरला कानाच्या डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दिला. रेघ आधी सरळ, मग उतरतीला लागलेली. डॉक्टर म्हणाले, कारखान्याच्या आवाजानं असं होतं, हळूहळू होतं, कळत नाही. परत येताना एसटीत तो कागद मांडीवर धरून म्हणाला, "रेघ नीट काढलीय पोरानं." पुढं कानातलं यंत्र आणलं. ते त्याला पटलं नाही. माणसं बोलताना लावतो, आवाज ऐकताना काढून ठेवतो. म्हणतो, हे चापलूस हाय, आपल्याला आवडंल तेवढंच पुढं करतं.

श्रीरामपूरच्या दुकानदारांनी त्याला मनापासून सांगितलं, "आता वाढवा की ते बटण, तुम्हाला ऐकू येईल एवढं. आता तुम्हालाच तर ऐकायचंय. कुणाला सर्टिफिकेट दाखवायचंय?"

"माझा कान वाकडा झाला म्हनून काटा वाकडा करू?" एवढंच तो म्हणाला आणि त्यानं बटण परत लाल रेघेवर आणून ठेवलं. दुकानदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला अशा वेळी रडू येत नाही, मी कपबशा उचलल्या.

तेव्हापासून आमचं रोजचं ठरलेलं आहे. चहा झाला की मी पाटावर बसते आणि तो डबा लावतो. त्यानं पूर्वी शेतातल्या पाण्याच्या पाटावर पहाटे टिपलेला आवाज आहे, उसाला पाणी सुटलं होतं तेव्हाचा. पाण्याचा आवाज त्यालाही येतो. पुढचं मी सांगते.

"आता उसाचं वाळलं पाचट."

"कसं?"

"सुकं. वारं येतंय अन् थांबतंय. आता पाखरू."

"कुठल्या अंगाला?"

"उजवीकडं. वर. तीनदा बोललं."

तो मान हलवतो. सगळं आहे आपल्या जागेवर, अशा समाधानानं. एकदा म्हणाला, "वैनी, मला आता सगळं तुमच्या माहेरच्या रेडिओसारखं ऐकू येतं." मी विचारलं, "मग, हाय का न्हाई गोड?" तो म्हणाला, "हाय गोड. खरं न्हाई."

परवाच्या मंगळवारी असेच बसलो होतो. पाणी आलं. पाचट आलं, पण लांबून आल्यासारखं. मग पाखराची जागा आली. ती मला पाठ झाली आहे, पाणी दगडावरून खळकन पडलं की लगेच. पाणी पडलं. मी वाट पाहिली. तो माझ्या तोंडाकडं पाहत होता.

"पाखरू?"

मला काहीही सांगता आलं असतं, त्याला कुठं कळणार होतं? "उजवीकडं, वर" म्हणायला जिभेला काय कष्ट? पण इतकी वर्षं ज्या जागेवर मला बसवलं, ती खोटं बोलायची जागा नव्हती.

"न्हाई आलं," मी म्हटलं.

त्यानं आवाज मागं नेऊन परत लावला. पाणी दगडावरून पडलं. मी मान हलवली, नाही. त्यानं माझ्या कानाकडं पाहिलं. आलेखाच्या त्या उतरत्या रेघेचा अर्थ माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतो. मग त्यानं डबा बंद केला, वरून फडकं फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "डबाच बिघडला असंल, वैनी. उद्या उघडून बघतो."

पन्नास-पंचावन्न वर्षांत ह्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खोटं. मी त्याला पकडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मागं गेले तर त्यानं खरंच डबा उघडला होता. स्क्रू बशीत काढून ठेवले होते, चष्मा कपाळावर चढवला होता, आणि काही बिघडलेलं नाही हे पक्कं ठाऊक असलेल्या त्या डब्यात तो तार न् तार हलवून बघत होता. मी पाट घेतला, लसणाची परडी मांडीवर घेतली आणि सोलत त्याच्याजवळ बसले.

"सापडलं का काही?" मी विचारलं.

"बघतोय," तो म्हणाला. "यील सापडून."