अक्का गेल्यावर मुक्ताशी बोलणार कोण?

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी हुबळीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एका अशिलाची समजूत घालत उभा होतो. फोन धारवाडहून, तिच्या शेजाऱ्यांचा. सकाळी पूजेची फुलं काढता काढता ती अंगणातच बसली, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत संपलं होतं सगळं... सख्खी थोरली बहीण गेली तर माणसाला रडू यावं. खरं सांगतो, मला आधी भीती वाटली. मनात पहिला विचार आला तो हा, की आता मुक्ताशी बोलणार कोण? मुक्ता माझी मुलगी, पंधरा वर्षांची. घरी जाऊन तिला सांगितलं, तर नुसतं ‘हं’ म्हणाली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. त्याला काही आठवडे झाले. ते दार जेवणापुरतं उघडतं, भाकरी चिवडली जाते, पुन्हा बंद. हे मी अक्काविषयी लिहायला बसलोय खरा, पण एक कान त्या दाराशी आहे.

अक्का धारवाडला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. ज्या धड्याला बाकीच्या बाई ‘हा घरी वाचून घ्या गं’ म्हणत पुढं सरकायच्या, तो धडा ही खिडक्या सताड उघड्या टाकून खणखणीत आवाजात शिकवायची. मुख्याध्यापिका म्हणाल्या, जरा हळू शिकवा, तर म्हणे, ‘हळू शिकवलं की पोरींना वाटतं चोरीचा माल आहे.’ माझ्याहून ती बारा वर्षांनी मोठी. मी तेरा वर्षांचा असताना वर्गात कविता म्हणताना माझा आवाज मधेच चिरकला, सगळा वर्ग खदाखदा हसला, आणि मी घरी येऊन तोंडच उघडेना. आईला वाटलं दृष्ट लागली, तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. अक्का म्हणाली, ‘नवी चप्पलसुद्धा आधी करकरते रे. म्हणून काय अनवाणी फिरणार आहेस?’ मला हसू फुटलं आणि हसता हसता बोलायलाही लागलो. तेव्हापासून घरात कुणाचंही काही अडलं की अक्काला बोलवायचं, हा आमचा शिरस्ताच पडला.

मुक्ता दहा वर्षांची असताना एका सकाळी माझ्या बायकोनं, नीलिमानं, मला डोळ्यांनीच खूण करून स्वयंपाकघराबाहेर काढलं. पोरगी मोठी झाली होती. पाचवीतलं पोर ते, आदल्या संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या पोरांबरोबर लगोरी खेळत होतं! माझ्या आईला मात्र आनंदाचं भरतं आलं. आमच्याकडं जुनी पद्धत आहे, अशा वेळी मुलीला पाटावर बसवायचं, सुवासिनींनी ओवाळायचं, तीळ-गूळ-खोबऱ्याचे लाडू तुपाबरोबर खाऊ घालायचे, म्हणजे कंबर भरते, अंग धरतं. इथवर ठीक होतं. पण आईनं नातीच्या कौतुकापोटी तेच लाडू डबे भरभरून कमरीपेठेतल्या आमच्या गल्लीत घरोघरी वाटले. झालं! तो लाडू कशाचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. दुसऱ्या दिवशी मुक्ता खेळायला गेली तर पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागली आणि समोरच्या पार्वतक्कांनी ओट्यावरूनच फर्मान काढलं, ‘दोड्डाकी आग्याळ, इन्न हुडुगर जोडी आडोहंगिल्ल.’ मोठी झालीय ती, आता पोरांबरोबर खेळायचं नाही. मुक्ता मुकाट्यानं घरी आली.

त्यानंतर ती जेवेनाशी झाली. आधी आम्हाला वाटलं, चालायचंच. मग दिसलं की गालफडं बसलीत, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतायत. एक दिवस शाळेत प्रार्थनेच्या वेळी ती उभीच्या उभी कोसळली. डॉक्टरांनी तपासलं, अशक्तपणा आहे म्हणाले, पोर खात नाही म्हणाले. अहो, ते आम्हाला दिसत होतंच! का खात नाही ते कोण सांगणार? मी वकील माणूस, मला विचारायची एकच रीत ठाऊक. कधीपासून खात नाहीस? कुणी काही बोललं का? बोललं तर नेमकं काय? पोरगी भिंतीकडं बघत राही आणि मी घामानं भिजून बाहेर येई. कोर्टात कुणाच्या बापाला न घाबरणारा मी, त्या एवढ्याशा पोरीपुढं हरलो. शेवटी अक्काला फोन केला आणि फोनवरच रडलो.

ती मिळेल त्या बसनं आली. मुक्ताच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मुक्ता तिला म्हणाली होती, ‘आत्या, लाडू खाल्ले की मोठी होते असं आजी म्हणाली. मग मी काहीच खाल्लं नाही तर ते थांबेल ना?’ ऐकून आई मटकन खाली बसली. अक्का तिला रागावली नाही, म्हणाली, ‘शरीर आपल्या वेळेनं चालतं, कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. त्याचा अर्थ मात्र गल्ली ठरवते. पोर त्याला घाबरलीय.’ मुक्ताला तिनं सगळं नीट समजावलं, उपाशी राहून मोठं होणं टळत नाही, माणूस आजारी तेवढं पडतं. पेज पाजली. पोरीच्या अंगात थोडी ताकद आल्यावर पुन्हा आली, पदर खोचला आणि तिचा हात धरून गल्लीत उतरली. पंचावन्नच्या घरातली बाई लगोरी रचतेय आणि धापा टाकत धावतेय! पार्वतक्का ओट्यावर आल्या तशी अक्का कडाडली, ‘हुडुगी अदाळ री, देवर मूर्ती अल्ल!’ पोरगी आहे ती, देवाची मूर्ती नव्हे. पार्वतक्का आत गेल्या. पोरांनी चेंडू मुक्ताच्या हातात दिला.

मग दर शनिवारी अक्का यायला लागली. दोघी खोलीत तासन्‌तास बसत. मी दाराबाहेर घुटमळलो की आतून आवाज येई, ‘वकीलसाहेब, तुमची तारीख नाही आज.’ मला बरंच वाटायचं, पोर कुणाशी तरी बोलतेय ना! आपली बहीण एक दिवस असणार नाही, हे काही डोक्यात आलं नव्हतं...

काल शनिवार, अक्काचा वार, मला घरात बसवेना. ताट पुन्हा तसंच परत आलं होतं. नीलिमा तोंडाला पदर लावून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी होती. मी दार ढकललं आणि सवयीनं सुरू झालो, ‘का जेवत नाहीस? काय झालंय? बरं वाटत नाही का?’ मुक्ता पाठमोरी बसली होती. म्हणाली, ‘अप्पा, प्रश्न नकोत. आत्या कधीच काही विचारायची नाही.’

‘मग काय करायची?’ बोलून गेलो आणि जीभ चावली. हाही प्रश्नच की!

‘मागं बसून तेल लावायची केसांना.’

खिडकीत बाटली होती, अक्कानं आणलेली, अर्धी संपलेली. मी आयुष्यात कुणाच्या केसांना तेल लावलेलं नाही. पलंगावर तिच्या मागं बसलो, तळहातावर तेल घेतलं, निम्मं चादरीवर सांडलं. बोटं केसांतून फिरवली तर हातात केसांचा हा पुंजका आला... मानेचे मणके मोजता येत होते. सगळे प्रश्न घशाशी आले. मी दात आवळून तेल लावत राहिलो. तिला माझं तोंड दिसत नव्हतं तेच बरं.

मग ती अगदी हळू बोलली, ‘आत्या गेल्यापासून मी परत तसंच करतेय, अप्पा. आता ठरवूनसुद्धा खाता येत नाही. मला फार भीती वाटते. सोमवारी डॉक्टरांकडे येशील माझ्याबरोबर?’

‘येतो,’ म्हणालो. सोमवारी माझी तारीख आहे, ती दुसऱ्यावर सोपवली. केसांचा तो पुंजका मुठीत घट्ट धरून मी दुसऱ्या हातानं तेल लावत राहिलो. मलाही फार भीती वाटत होती, आणि तेही तिला सांगितलं.