भात बंद, बिल चालू

आमच्या डोंबिवलीजवळच्या कोपरच्या बागेत सकाळी चालायला येणाऱ्यांत एक माणूस धड नाही. कुणाला बीपी, कुणाला शुगर, आणि ज्यांना दोन्ही ते सीनियर! दोन फेऱ्या झाल्या की बाकावर बसून डॉक्टर, लॅब आणि मेडिकलवाल्यांच्या नावाने खडे फोडायचे. किस्से काही संपत नाहीत.

*

माझंच घ्या. सोसायटीत मोफत तपासणी शिबीर होतं. सुई फुकट, रिपोर्ट फुकट, वर बिस्किटाचा पुडा फुकट. शुगर निघाली! त्यानंतर आजतागायत मला एक गोष्ट फुकट मिळालेली नाही.

*

पाटीलदादा इथले मूळचे आगरी. त्यांच्या शेतावर टॉवर झाला, खाली मोठ्या डॉक्टरचं क्लिनिक आलं. दादा फी भरून आत गेले आणि तणतणत बाहेर आले.

“माझ्याच शेतान बसून मनाच सांगतंय, भात बंद कर!”

*

आमच्या मिस्टरांचा रिक्षातून उतरताना खड्ड्यात पाय मोडला. माजिवड्याला ऑपरेशन झालं. मेडिक्लेमवाल्यांनी क्लेम नाकारला. का, तर बीपी आधीपासून होतं, ते कळवलं नाही!

मिस्टर फोनवर ओरडले, “अहो, आधीपासून तर तो खड्डाही होता!”

पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “सर, रागावू नका ना. तुम्हाला बीपी आहे.”

*

सावंतकाकांना कल्याणच्या डॉक्टरने लिहून दिलेली गोळी अख्ख्या डोंबिवलीत मिळत नाही. मिळते फक्त त्या डॉक्टरच्या जिन्याखालच्या मेडिकलमध्ये. काकांनी मेडिकलवाल्याला विचारलं, “दुसऱ्या कंपनीची चालेल?”

“चालेल की. मग डॉक्टरही दुसरा बघा!”

*

या काकांना पेन्शन नाही. शुगर काकूंनाही आहे, पण परवडतं एकाचंच, म्हणून केसपेपर फक्त काकांचा. काकू रोज सकाळी पोळपाटावर सुरीने एक गोळी कापतात. अर्धी काकांना, अर्धी स्वतःला. हे कळलं तेव्हा मी त्यांच्याशीच भांडले. खरा राग दुसऱ्यांवर होता, पण ते थोडेच समोर बसले होते?

गेल्या वेळी मीही त्यांच्याबरोबर कल्याणला गेलेले. म्हटलं, डॉक्टरला सगळं सांगूनच टाकते. रिपोर्ट बघून डॉक्टर वैतागले. “शुगर हलायला तयार नाही. गोळी रोज घेता ना?”

“रोज. न चुकता,” काका म्हणाले.

मी तोंड उघडणार, तोच काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

डॉक्टरांनी दुप्पट पॉवरची गोळी लिहून दिली. खाली मेडिकलमध्ये काकूंनी आधी किंमत विचारली. जवळजवळ जुन्या गोळीइतकीच होती. काकूंचा चेहरा एकदम खुलला.

“बरं झालं बाई! आता अर्धी खाल्ली तरी अख्खी पोटात जाईल.”