श्रीमंतमामांची दहा काडतुसं

श्रीमंतमामा फौजेतून रिटायर होऊन मुखेडला शेती करतात. भुईमुगात रानडुकरं शिरली की परवान्याच्या बंदुकीचा हवेत एक बार काढायचा, ही त्यांची रीत. पण गेले आठ महिने काडतुसंच मिळेनात. "कारखान्यांना फौजेचं काम लई हाय. आपला माल बनवायला सवडच न्हाई," नांदेडचा दुकानदार सांगायचा.

मामा स्वतःवरच चिडायचे. "फौजेत चांदमारीच्या सरावाला मी दिवसभर गोळ्या उडवल्या! तवा कुणाचं शेत खोळंबलं आसंल, ह्ये मनातबी आलं न्हाई." आणि परेडच्या आवाजात "हट्!" अशी गर्जना करत डुकरांमागं धावायचे.

काल दुकानदाराचा फोन आला. माल आला! मामांनी पहिली एसटी पकडली आणि दुपारी दहा काडतुसं छातीशी धरून परतले. आम्ही सगळे बांधावर जमलो. दिवस कलला, कळप आला. मामांनी बंदूक भरली, नळी आभाळाकडं केली आणि सवयीनं आधी गर्जनाच ठोकली.

शेपट्या वर करून कळप पसार!

भरली बंदूक घेऊन मामा मागून ओरडत राहिले, "थांबा रे मुडद्यांनो! आठ महिन्यांनी माल आलाय!"