खड्डेवाली बाई

बाईंना रागवायला कारण लागत नाही, असं गावात म्हणत. मी त्यांच्यासोबत एक हिवाळा काढला. कारण असायचं. दर वेळी असायचं.

मी मुर्री गावचा, लग्नांच्या शूटिंगसाठी ड्रोन घेतलेला. जुन्या देवळांचा दगड कुठल्या खाणींतून निघाला, ते शोधायला बाई नागपूरहून देवरीकडच्या एका गावी येत. खाणी केव्हाच बुजलेल्या, वर धानाची शेतं, बांध्या. पहिल्याच दिवशी मी हौसेनं ड्रोन गोल गोल फिरवला. बाई कडाडल्या, "नवरी कुठे आहे यात? सरळ रेषेत उडव!"

धान कापल्यावर पेरलेलं लाखोळीचं पीक पिवळं पडलं, तेव्हा फोटोत एका शेतात सात हिरवे गोल उमटले. "बुजवलेल्या खड्ड्यात माती खोल, ओल टिकते. तिथलं पीक उशिरा वाळतं," बाई म्हणाल्या. शेतमालक हसला, "इथं कायची खाण? माह्या आज्यानंही नाही पाहिली." बाई त्याच्यावरही उखडल्या, "आज्याच्या आधी माणसं नव्हती का?"

त्याच शेताचा एक तुकडा अंगणवाडीसाठी दान मिळाला. बाईंनी फोटो जोडून अर्ज दिला : खाली नुसता भराव आहे, जागा बदला. सरपंचानं अर्जाची पोच दिली आणि इमारत तिथंच उठवली. पावसाळ्यात तिची भिंत खालपासून वरपर्यंत फाटली. रविवार होता म्हणून लेकरं वाचली.

ग्रामसभेत सगळे मिस्त्रीवर तुटून पडले. "सिमेंट खाल्लं यानं!" तो हात जोडून सांगत होता, "पुरा माल टाकला जी." त्याच्या कामावर बंदीचा ठराव झाला. सरपंचाकडे कामाला आलेलो मी मागच्या रांगेत होतो. फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते. दिवाळीनंतर सरपंचाच्या मुलीचं लग्न होतं आणि शूटिंग माझ्याकडे होतं.

बाईंना आठवड्यानं कळलं. त्या तडक आल्या, पंचायतीच्या टेबलावर फोटो आणि अर्जाची पोच आपटली. "ठराव रद्द करा. आणि त्याची माफी मागा, माझ्यासमोर!" ठराव रद्द झाला. माफी कोणी मागितली नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "सभेत होतास?"

"होतो, मॅडम."

"फोटो होते?"

"होते."

"मग काऊन नाही बोललास?"

नागपूरची बस आली, त्या चढल्या. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्यासोबत दुसराच ड्रोनवाला होता. माझा फोन त्यांनी कधी उचलला नाही.

सरपंचाच्या मुलीचं लग्न मी शूट केलं. मांडवात मिस्त्री भेटला. माझा हात धरून म्हणाला, "बाई होती म्हणून वाचलो गा. तिच्याशिवाय ते फोटो कोणाजवळच नव्हते न."

"हो," मी म्हणालो, आणि कॅमेरा डोळ्याला लावला.