एका ओट्यावर दोन स्वयंपाक

माझा नवरा गेल्यावर सात महिने मी ओहायोतल्या डब्लिनच्या घरात एकटी जेवले. जेवले म्हणजे पुस्तक उघडं ठेवून उभ्यानंच काहीतरी खाल्लं. मग घर विकलं आणि पिस्कॅटवेला आई-बाबांच्या छोट्या अपार्टमेंटमध्ये राहायला आले. कोणी विचारलं तर सांगायचे, त्यांचं वय झालंय. खरं कारण एवढंच होतं, की संध्याकाळी समोर कोणीतरी जेवत असावं.

बाबांनी इथे कितीतरी वर्षं एका ग्रोसरी स्टोअरच्या काउंटरवर उभं राहून काढली. पेन्शन तुटपुंजं, म्हणून दोघांना सरकारकडून किराण्याचं कार्ड मिळतं. त्या कार्डावर ते स्वतः निवडून भेंडी आणतात, दूध आणतात. लेकीच्या पैशाचं खायचं नाही हा त्यांचा जुना नियम. आमच्याकडे ओहायोला यायचे तेही पिठाची पिशवी घेऊन. माझा नवरा म्हणायचा, "बाबा, आमच्याकडेही गहू मिळतो हो."

मी आल्यावर दोन महिन्यांनी, कार्ड पुढे चालू ठेवण्यासाठी दरवर्षी येतो तो फोन आला. घरात कोण राहतं, कोण कमावतं, सगळं मी सांगत होते. स्पीकर चालू होता. पलीकडच्या बाईंनी विचारलं, सामान आणणं आणि स्वयंपाक, तुमचं एकत्र की वेगळं? मी विचार करत होते तेवढ्यात आई फोनवर वाकली. "टुगेदर, टुगेदर! शी इज माय डॉटर! मी काय हिला वेगळं जेवायला घालीन?" तिला वाटलं, नवरा गेलेल्या मुलीला आपण नीट सांभाळतो की नाही, याची चौकशी चाललीय.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. एकत्र जेवतो म्हणून आम्ही तिघं एक कुटुंब, माझा लायब्ररीतला पगार त्यात धरलेला, आणि कार्ड बंद.

"मी आणते ना सामान," मी म्हटलं.

"आण की. तुझ्यापुरतं आण," बाबा म्हणाले.

चार दिवस ते घरात उरलेल्या तांदळाचा भात लोणच्याशी खात राहिले. पोट बरं नाही म्हणाले. माझ्या पिशवीतल्या भाजीकडे बघितलंही नाही.

मी कार्डाच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या माणसानं सांगितलं, तुम्ही खरोखर वेगळं आणून वेगळं शिजवत असाल, तर आई-वडिलांचा वेगळा अर्ज करता येईल. "खरोखर" हा शब्द तो दोनदा म्हणाला. खोटं लिहून देणं बाबांना जमलं नसतं, मलाही नाही.

"मग वेगळं करू," मीच म्हणाले.

"माझ्या डोळ्यांदेखत वेगळी चूल?" आई म्हणाली. "लोक सुनेला वेगळं काढतात गं. लेकीला कोण काढतं?"

"चूल कुठली, इलेक्ट्रिक स्टोव्ह आहे," बाबा म्हणाले. आई हसली नाही.

फ्रिजमधला खालचा कप्पा माझा झाला. अर्ज केला, कार्ड पुन्हा सुरू झालं, आणि बाबा पिशवी घेऊन बाहेर पडले तेव्हा किती दिवसांनी त्यांनी दाढी केली होती.

ओटा अरुंद आहे, दोघींचं एकदम जमत नाही. आधी आईचं होतं, कारण बाबांना गोळीची वेळ पाळावी लागते. मी ताट घेऊन बसते तेव्हा त्यांचं आटोपलेलं असतं. बाबा आत पडतात. आई समोरची खुर्ची ओढून बसते.

परवा मी आमटी केली होती. "गूळ कमी पडलाय," ती नुसत्या वासावरून म्हणाली.

"थोडी घेऊन बघ ना."

चमचाभर आमटीसाठी कोणी कार्ड काढून घेत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं आणि मान हलवली. माझं जेवण होईपर्यंत ती तशीच बसून होती.