आत्याच्या कार्डाचा फाटका कोपरा

मी कार्डं करणं सोडणार नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आमच्या घरच्यांनी हे वाचायला घेतलंच तर पुढची तसदी नको. पन्नाशी ओलांडलेला माणूस गारखेड्यातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत कात्री, डिंक अन् रंगाच्या डब्या मांडून नातेवाइकांच्या वाढदिवसाची कार्डं बनवत बसतो, हे आमच्या घराण्याला शोभत नाही म्हणे. घराणं म्हणजे काय, तर सिल्लोडकडची कपाशी आणि मका. त्यात न शोभण्यासारखं काय आहे, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

चित्रकला मला येत नाही, हे मान्य. वहिनीच्या कार्डावर मी मोर काढला होता. तिनं फोन करून ‘किटली छान जमलीय, भाऊजी’ असं सांगितलं. संक्रांतीला काळ्या कागदावर खराखुरा हलवा चिकटवून मेहुण्यांना पाठवला. वाटेत मुंग्यांनी हलवा नेला आणि कागदावर नुसते डिंकाचे ठिपके उरले. मेहुण्यांना तेच डिझाइन वाटलं. त्यांनी तोंडभरून कौतुक केलं आणि मीही ते मुकाट घेतलं.

बाकी घरात माझ्या कार्डांची किंमत काय होती ते थोरला भाऊ एका वाक्यात सांगायचा, “अरे, मोबाइलवर फुलं पाठव ना, विषय संपला.” ती जपून ठेवणारं माणूस एकच होतं, सिल्लोडची आत्या. वडिलांची थोरली बहीण. तिच्या लोखंडी कपाटाच्या आरशाभोवती माझी कार्डं खोचलेली असायची. आल्यागेल्याला ती बोट लावून दाखवायची, “माझ्या भाच्यानं केलंय, हातानं.” मोर कुठला अन् किटली कुठली, हे तिनं कधी विचारलं नाही. ज्याच्याकडं चित्रकला नाही त्याला असं एक गिऱ्हाईक लागतं. ते गेलं की दुकान बंद.

तर यंदा तिच्या वाढदिवसाला मी जीव ओतला. दौलताबादच्या पुढं कागजीपुऱ्यात जाऊन हातकागद आणला, जाडसर, आत कापसाचे तंतू दिसणारा. त्यावर आत्या काढली. मक्याच्या शेतात, हातात काठी, पुढं पळणारी वानरं. कडेला खरा कापूस लावून बोंडं केली. मग एका व्हिडिओत पाहिलं होतं तसं केलं. कागदावर पाण्याची रेघ ओढून तो कात्रीऐवजी हातानं फाडला, म्हणजे कडेला छान केसाळ रेषा सुटते. एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण आतला झेंडूच्या रंगाचा कागद थोडा डोकावावा म्हणून मी वरचा उजवा कोपराही फाडला आणि कार्ड पोस्टात टाकायला काढलं.

बायको चहा घेऊन आली. “अहो, हा कोपरा का फाडला?”

“ती कला असते,” मी म्हणालो.

तीन-चार दिवसांनी आत्याचा फोन आला. आवाज बसलेला.

“कोण गेलं रे?”

“कुठं?”

“कुठं म्हंजी? वर! नीट सांग, माझा भाऊ तर बरा हाय ना?”

“आत्या, बाबा इथं समोर पोहे खातायत. कुणी गेलेलं नाही.”

“मंग कोपरा फाटका कागूद कशाला धाडला?”

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं कुणी गेल्याचं पत्र कोपरा फाडून पाठवायची रीत. असं पत्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, तिथंच फाडून टाकायचं आणि अंगावरून पाणी घ्यायचं. हल्ली असले निरोपही मोबाइलवरच येतात, पण आत्याच्या वयाच्या बोटांना ती खूण लगेच कळते. मला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. लहानपणी असली पत्रं मी डोळ्यांनी पाहिलीत. फक्त त्या दिवशी माझ्यातला कलावंत जागा होता आणि बाकीचा सगळा मी झोपलो होतो.

“आत्या, तुझ्या वाढदिवसाचं कार्ड होतं ते.”

मग ती म्हणाली, “पाकिटातून अर्धं भाईर काढलं अन् कोपरा दिसला. तसंच फाडून गटारीत टाकलं. न्हाले. ह्या थंडीत, डोक्यावरून. माझ्या वाढदिवसाला माझंच सुतक धरलं व्हय रे मी?”

हसावं की रडावं कळेना. पण पुढचं वाक्य हसण्यासारखं नव्हतं. “आता काही धाडत जाऊ नको बाबा. छातीत धस्स झालं माझ्या.”

रविवारी घरात पंचायत बसली. थोरल्यानं निकाल दिला, “बास. आजपासून कार्ड बंद.” बायकोनं कात्री स्वयंपाकघरात नेली, कोथिंबिरीला लागते म्हणून. आतेभावानं तर आरशाभोवतीची सगळी जुनी कार्डं काढून माळ्यावर टाकल्याचं कळवलं. बाबा तेवढे म्हणाले, “मी जिवंत आहे का, हे कुणीतरी विचारलं हेच खूप झालं.”

मी ऐकून घेतलं, ब्लेडनं नवा कागद कापला, कडा पुन्हा हातानं फाडली आणि तेच चित्र परत काढलं. पोस्टानं नाही पाठवायचं ना, ठीक आहे. मी स्वतः घेऊन जाईन. बंदी घालणाऱ्यांनी मोटारसायकलला बंदी घातलेली नव्हती.

सिल्लोडला दारातच आतेभाऊ आडवा आला. “दादा, ये, बस. पण त्यो कागूद डिक्कीतच ऱ्हाऊ दे.”

“नाही ठेवणार.”

“आईला पुन्हा काही झालं म्हंजी?”

“मग तिनंच मला सांगू दे.”

आत्या ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी कार्ड पुढं धरलं. तिनं पदराला हात पुसले. कार्ड उघडलं नाही. आधी एकेक कोपरा चिमटीत धरून पाहिला. “ह्यो हाय. ह्यो बी हाय.” चारही झाल्यावर तिनं कडेवरून बोट फिरवलं. “अन् ह्ये असं उंदरानं कुरतडल्यावानी कशाला?”

“कडा तशीच राहणार, आत्या. कोपऱ्याचं तुझं ऐकलं, कडेचं नाही ऐकणार.”

“लई शहाणा.” तिनं कार्ड उघडलं. “ह्यातलं वानर कंचं अन् मी कंची?”

“काठी कुणाच्या हातात आहे ते बघ.”

ती हसायला लागली. ते हसू ओसरलं तेव्हा तिनं मुलाला हाक मारली, “माळ्यावरची खाली आण.”

“आये, लोक काय म्हणतील?”

“आरसा माझा हाय. आण.”

मग तिनं मला विचारलं, आता कुणाचा नंबर? थोरल्याचा, पुढच्या महिन्यात, मी म्हणालो, पण त्यानं नको म्हणून बजावलंय.

“नको म्हणला? मंग तर कर.” ती आत गेली आणि हळदी-कुंकवाची कोयरी घेऊन आली. “कोरा कागूद हाय का तुझ्याजवळ?”

होता. ज्याला बंदी असते त्याच्याजवळ नेहमी असतो. आत्यानं चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं लावली, निमंत्रणपत्रिकेला लावतात तशी. “आता टाकून दाखवू दे त्याला,” ती म्हणाली, “कुंकू लागलेला कागूद फेकायची छाती हाय का बघू.”

कागद वाळेपर्यंत आम्ही शेंगा खाल्ल्या. वाढदिवसाला थोरल्यानं ते कार्ड हातात घेतलं, कोपरे पाहिले, माझ्याकडं पाहिलं आणि देवघराच्या फळीवर नेऊन ठेवलं. त्यावर मी त्याला काढलंय. ओळखू येत नाही, पण रोज पूजेला बसला की समोर असतो.