पाठीवरची जागा

ताई खुर्च्या शिवते. फाटक्या खुर्च्यांवर नवं रेक्झिन चढवते, सोफ्यांचा बसलेला फोम बदलते. नववा महिना लागला तरी तिने काम सोडलं नव्हतं. फक्त पूर्वी जमिनीवर मांडी घालून खिळे उपटायची, ती आता खुर्चीच टेबलावर चढवायची आणि स्वतः उभी राहायची.

"खुर्च्यांना काय, कुणी ना कुणी बसणारच," म्हणायची. "त्या थोड्याच माझ्यासाठी थांबणार?"

ती माझी सख्खी बहीण नाही, मैत्रीण. वयाने बरीच मोठी, म्हणून ताई. मी साहित्यात पदवी घेतली तेव्हापासून ती मला 'पंडित' म्हणते. नोकरी मिळेपर्यंत दुपारी मी तिच्या दुकानात जाऊन तिच्या लेकीला सांभाळत होते.

लेक चार वर्षांची. दोन्ही हात पसरून स्वतःभोवती फिरत राहायची, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

ती फिरायची थांबली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग लक्षात आलं, की ती पालथीच झोपते. झोपेत कुणी कुशीवर वळवलं तरी दचकून पुन्हा पालथी होते. स्टुलाच्या टोकावर बसते, मागे टेकत नाही. चालते ती किंचित पुढे वाकून. अंघोळीला पाठ चोळू देत नाही, बाबाने उचलायला हात घातला की अंग चोरते.

"दुखतंय का गं?"

"नाही."

"मग?"

"असंच."

डॉक्टरांनी तपासायला घेतलं. पाठीला हात लागताच तिने असा टाहो फोडला, की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. दुसऱ्यांदा नेलं तेव्हाही तेच. शेवटी डॉक्टर म्हणाले, पाठीचा फोटो काढून बघू. उद्या सकाळी या.

तिचा बाबा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर खोल अंधाऱ्या खड्ड्यात दोरखंडाला लटकून काम करणारा माणूस. पण मोबाइलवर मणक्याच्या आजारांबद्दल वाचून वाचून त्याची झोप उडाली होती. ताई वाचत नव्हती. ती नुसती खिळे ठोकत होती, जरा जास्तच जोरात.

"हिला काय झालंय ते कळल्याशिवाय मी दवाखान्यात कशी जाऊ, सांग पंडित," ती मला म्हणाली. "एकीला अशी सोडून दुसऱ्याला आणायला जायचं?"



त्या दुपारी टेबलावर सलूनची खुर्ची होती. लाल रेक्झिन, बाजूला दांडा. दांडा ओढला की पाठ मागे झुकत जाते. ताईने शेवटचा खिळा ठोकला, आम्ही दोघींनी मिळून खुर्ची खाली घेतली, तेवढ्यात सलूनवाले काका ती न्यायला आले. काकांचं तोंड त्यांच्या कात्रीसारखं, सतत चालू.

"वा! आता मीच बसतो हिच्यात आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, काप माझे केस." मग ताईच्या पोटाकडे बघून, "काय गं, कधी?"

"आता कधीही, काका."

"आणि हिच्या पाठीवर किती वर्षांनी?"

"चार."

कोपऱ्यात भिंगरी रेक्झिनच्या चिंध्या रंगांप्रमाणे लावत बसली होती. ती ताडकन उठली. दोन्ही हात मागे नेऊन पाठ चाचपायला लागली.

"आलं? आई, बघ ना! आलं का?"

"काय आलं?"

"बाळ! काका म्हणाले ना, माझ्या पाठीवर!"

 काकांच्या तोंडाची कात्री पहिल्यांदाच थांबली.

ताईने हातोडी हळूच टेबलावर ठेवली. "बाळ तुझ्या पाठीवर येणार, असं कोण म्हणालं तुला?"

"आत्या. फोनवर बोलली ना ती? हिच्या पाठीवर भाऊ येऊ दे किंवा बहीण येऊ दे, म्हणाली."

"मग माझ्या पोटात काय आहे?"

भिंगरीला आईची कीव आली असावी. तिने समजावून सांगितलं. "आत्ता पोटात आहे. मग बाहेर येणार. मग माझ्या पाठीवर येणार. कधीही येईल, तूच म्हणतेस. मी उताणी झोपले आणि तेव्हाच आलं, तर चेंगरेल ना ते!"

मी तिच्याकडे बघत राहिले. पाठचा भाऊ, पाठची बहीण, पाठीवरचं भावंड. मी हे शब्द हजारदा ऐकलेत, वाचलेत. त्यात खरोखरची पाठ आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं. या मुलीला दिसलं होतं, आणि ती रात्र रात्र त्या जागेची राखण करत होती.

"अगं, मग सांगितलं का नाहीस?" ताईचा आवाज चिरकला.

"तुम्हाला माहितीये की!"

"आणि डॉक्टर?"

"ते जोरात दाबतात. जागा खराब झाली असती."

ताई हसायला लागली. हसता हसता तिने टेबल धरलं, मग पोट धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "अगं बाई, पुरे. इथेच होईन मी बाळंत."

"ए, मला फक्त केस कापता येतात हां," काका घाबरून म्हणाले.

मग ताईने लेकीला जवळ ओढलं. बाळ अंथरुणात झोपतं, मांडीवर बसतं, रडलं की खांद्यावर घेतात, पाठीवर नाही, असं सगळं नीट सांगितलं. 'पाठीवर' म्हणजे नुसतं 'नंतर', एवढंच. भिंगरीने विचार केला.

"मग आत्याने 'नंतर' का नाही म्हटलं?"

"विचारते मी वन्संना. चांगलंच विचारते."

बोलता बोलता ताईचा अंगठा लेकीच्या पाठीवरून उतरत होता. सोफ्याच्या स्प्रिंगा तपासते तसा, एकेक मणका दाबत.  अर्ध्या पाठीपर्यंत आला आणि भिंगरी खिदळली.

"गुदगुल्या!"

अंगठा कमरेपर्यंत गेला. पुन्हा वर आला. पुन्हा खाली. दर वेळी तेच खिदळणं. ताई मटकन स्टुलावर बसली. तिचा जीव भांड्यात पडला तेव्हा आवाज झाला असता, तर तो गल्लीभर ऐकू गेला असता.

मी डॉक्टरांना फोन लावून दिला. ते बराच वेळ हसले. म्हणाले, उद्या आणाच, हाताने नीट तपासू देते का बघू. फोटोचं मग ठरवू.

"आई, मी टेकू आता?"

"टेक की!"

भिंगरी लाल खुर्चीत चढली. सावकाश मागे झाली. काकांनी दांडा ओढला आणि पाठ खाली खाली जात पार आडवी झाली. भिंगरीने हात पसरले, छताकडे बघितलं आणि मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांची झोप साठली होती. बघता बघता तोंड उघडं टाकून घोरायला लागली.

"काका, खुर्ची—"

"असू दे." ते स्टूल ओढून बसले. "गिऱ्हाईक बसलंय. उठवायचं नसतं."

थोड्या वेळाने तिचा बाबा हत्यारांची पिशवी घेऊन दारात आला. काकांकडे, हसून हसून लाल झालेल्या बायकोकडे, मग खुर्चीकडे त्याची नजर गेली. तो हललाच नाही.

"उताणी?" त्याने कुजबुजत विचारलं.

"उताणी," ताई म्हणाली.

त्याने पिशवी खाली ठेवली. आतला एकही पाना वाजू न देता.